भोईर सरांचा कोल्हा

परवा आमच्या चित्रांच्या स्टुडिओत नव्याने लागलेल्या एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, मांजराच्या अंगावर केस किती काढायचे?" आणि माझ्या तोंडून फटकन निघून गेलं, "केस काढताय की उवा शोधताय?" मुलगी बिचारी गोरीमोरी झाली. मी तिच्यापेक्षा जास्त दचकले, कारण वाक्य माझं नव्हतं. ते भोईर सरांचं होतं आणि पूर्वी ते मला उद्देशून म्हटलेलं होतं.

भोईर सरांबद्दल चांगलं बोलणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून मी काही वर्षं चित्रं रंगवली आणि त्यातल्या निम्म्या संध्याकाळी तरी घरी जाताना त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. सगळ्यांना आडनावाने हाक मारायचे आणि अहोजाहो करून अपमान करायचे. तो अरेतुरेच्या अपमानापेक्षा जास्त लागतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दादरची जागा विकून आम्ही मीरा रोडला आलो तेव्हा मला घराजवळ काम हवं होतं. ते आमच्याच वसाहतीत, पूनम सागरमध्ये मिळालं. केकच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर केतनभाईंचा स्टुडिओ होता. लोक आपल्या कुत्र्यामांजरांचे फोटो पाठवायचे, आम्ही त्यावरून स्क्रीनवर चित्र रंगवायचो, आणि ते छापून, फ्रेम करून घरपोच जायचं. यातली बरीच जनावरं हयात नसायची. पहिल्याच दिवशी केतनभाईंनी मला समजावलं, "देखो लिमये मॅडम, कस्टमर को रोना आना चाहिए. रोया तो समझो पास." हे त्यांचं धोरण होतं आणि धंद्याच्या दृष्टीने ते खरंही होतं.

भोईर सर जवळच्याच मुर्धा गावचे. वडील मिठागरात कामाला होते. हे मात्र कलाशाळेत शिकून आलेले, आणि ते शिक्षण बोलण्यातून रोज एकदा तरी बाहेर यायचं. उंच, खांदे पुढे आलेले, मे महिन्यातही लांब बाह्यांची बटणं लावलेली. स्टुडिओत मासळी चालत नाही असा केतनभाईंचा नियम होता. भोईर सरांनी तो कधी मोडला नाही. ते डबा घेऊन जिन्यात बसायचे. फक्त पायरी अशी निवडायचे की सुक्या बोंबलांचा वास थेट केतनभाईंच्या केबिनमध्ये जावा. केतनभाई दार लावून घ्यायचे आणि भोईर सर अगदी सावकाश जेवायचे.

जनावराच्या अंगावरचे केस रंगवायची त्यांची एक रीत होती आणि त्या रीतीबाहेर जगात काही नव्हतं. आधी सगळं जनावर तीन रंगांत उभं करायचं: सावलीतलं, उजेडातलं आणि मधलं. मग केस कुठून कुठे वाहतात ते मोठ्या, आंधळ्या फटकाऱ्यांनी दाखवायचं. त्यानंतर झुबके. आणि सुटा केस अगदी शेवटी, तोही मोजक्या जागी: डोळ्याभोवती, कानाच्या उजेडाकडच्या कडेला, गळ्याखाली जिथे अंग वळतं तिथे. बाकी सगळं सोडून द्यायचं. "बाकीचे केस बघणारा घेऊन येतो," असं ते म्हणायचे, "त्याला पण काहीतरी करू द्या." एका फटक्यात पन्नास केस उमटवणारे तयार ब्रश असतात ना, त्यांना ते खराटा म्हणायचे. आमच्यापैकी कुणी तो वापरला की त्यांना पाठमोरं बसूनही कळायचं. "कोण झाडतंय?" असं तिकडूनच विचारायचे.

माझी पहिली मांजर पांढरी, झुबकेदार, पर्शियन होती. मी स्क्रीनवर तिचं कातडं इतकं मोठं करून बसले होते की कान कुठे आणि शेपूट कुठे हे मलाही आठवत नव्हतं. नुसते केस काढत सुटले होते. आपण काय जीव तोडून काम करतोय, असं मला फार वाटत होतं. भोईर सर मागे येऊन उभे राहिले, माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि चित्र लहान करत करत नखाएवढं केलं. स्क्रीनच्या मधोमध एक पांढुरकी, खरखरीत वस्तू उरली.

"लिमये, हे काय आहे?"

मी म्हटलं, मांजर.

"पायपुसणं आहे. काथ्याचं. नखाएवढ्यात मांजर दिसली तरच ती मांजर."

मी संडासात जाऊन रडून आले. आल्यावर बघते तर ते माझ्याच जागेवर बसून माझे केस पुसत होते. जेवढे पुसत गेले तेवढी मांजर मऊ होत गेली. माझ्या मेहनतीवर असं पाणी पडताना बघून मला त्यांचा राग आला, आणि मांजर खरंच मांजर झाली म्हणून जास्त राग आला. ते उठले आणि आपल्या जागेवर गेले.

दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांना खाली नेलं. केकच्या दुकानासमोर एक भुरा कुत्रा कायम पसरलेला असायचा. एकेकाला त्याच्या अंगावरून हात फिरवायला लावला, आधी केसांच्या दिशेने, मग उलटा. येणारेजाणारे बघत होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर म्हणाले, "हात कुठे अडकतो बघा. तिथेच केस काढायचे. बाकी ठिकाणी हात सरकतो, तशी नजर सरकू द्यायची." कुत्रा डोळे मिटून पडून होता. त्याच्याशी भोईर सर ज्या आवाजात बोलले, तसा आवाज त्यांनी आमच्यापैकी कुणाला कधी दिला नाही.

आता हे सगळं खरं असलं तरी गिऱ्हाईक काही दारात उभं राहून चित्र बघत नाही. ते फोनवर बघतं, आणि फोनवर चित्र आलं की माणसाची दोन बोटं आपोआप फाकतात. एक बाई आल्या होत्या, त्यांचा सोनेरी कुत्रा म्हातारा होऊन गेला होता. भोईर सरांनी तो रंगवला होता, मान किंचित वळवून दाराकडे बघणारा. मोठ्या स्क्रीनवर तो दिसला मात्र, बाई दारातच थांबल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. केतनभाईंच्या हिशेबाने पास. मग त्यांनी ते चित्र फोनवर मागवून घेतलं, बोटं फाकली, पाठीवर नेली, पोटावर नेली. आणि म्हणाल्या, "इथे तर केसच नाहीत. इथे नुसता रंग पुसलाय. अर्धवट काम दिलंय तुम्ही."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, करून देतो. भोईर सर म्हणाले, "बाई, तुम्ही कुत्र्याला दुर्बिणीतून कुरवाळत होतात का?"

बाई पुन्हा रडल्या, पण हे रडणं पास होण्याचं नव्हतं. त्या चित्र न घेता गेल्या, आणि जाताना पूनम सागरमधल्या सगळ्या कुत्रेवाल्यांना सांगेन असं म्हणून गेल्या. सांगितलंही असणार. बरं, भोईर सरांना याचं काडीचं वाईट वाटलं नाही. आपण काय बोललो हे त्यांनी जेवताना जिन्यात मला परत एकदा ऐकवलं. माझ्या मते त्या बाईंचा कुत्रा गेला होता आणि यांची फक्त जीभ सुटली होती. मी तसं त्यांना सांगितलं. त्यांनी बोंबलाचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "लिमये, तुम्ही केतनभाईंच्या केबिनमध्ये बसा."

त्यानंतर स्टुडिओत एक नवी प्रथा पडली: केस भरणं. भोईर सरांचं चित्र झालं की ते जयेशकडे जायचं. जयेश घाग मूळचा रत्नागिरीचा, हातात सफाई असलेला पोरगा. त्याला पेन धरायला भोईर सरांनीच शिकवलं होतं. केतनभाईंच्या हुकमाने सरांच्या चित्रावर त्याच्यासाठी एक कोरा लेयर तयार ठेवलेला असायचा. लेयर म्हणजे चित्रावर काच ठेवावी तसा प्रकार, वरच्या काचेवर काहीही केलं तरी खालचं चित्र शाबूत राहतं. त्या वरच्या काचेवर जयेश खराट्याने अंगभर केस भरायचा आणि ते चित्र गिऱ्हाइकाला जायचं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते हेच. पण जयेशला दोष तरी काय द्यायचा, त्याला मालकाने सांगितलं होतं. भोईर सर त्याला एका शब्दाने बोलले नाहीत. सकाळी मात्र सगळ्यांच्या आधी यायचे, जयेशने भरलेली फाइल उघडायचे आणि वरचा लेयर बंद करायचे. केस नाहीसे व्हायचे आणि खाली त्यांचं चित्र जसंच्या तसं असायचं. ते थोडा वेळ बघायचे, लेयर परत चालू करायचे, फाइल मिटायचे आणि दिवसाच्या कामाला लागायचे. एकदा मी लवकर आले म्हणून मला हे दिसलं. पुढे मी मुद्दाम उशिरा यायला लागले.

असं बरंच चाललं असतं. पण मुर्ध्याकडे खाडीकाठी एक बाग होत होती आणि तिथे तिवरांच्या झाडीतल्या प्राण्यापक्ष्यांचे मोठे फलक लावायचे होते, ते काम आमच्याकडे आलं. बगळे, खेकडे, मुंगूस, आणि एक कोल्हा. कोल्ह्याचं नाव ऐकून भोईर सर उठले आणि केतनभाईंच्या केबिनमध्ये गेले. मी त्यांना कुणाकडे काही मागताना तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. आवाज खाली होता, म्हणून आम्ही सगळे कान देऊन बसलो होतो. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की कोल्हा मी एकटा करीन. त्यावर कुणी केस भरणार नाही. आणि खाली माझं नाव असेल.

आमच्या चित्रांवर कुणाचंच नाव नसायचं. केतनभाई म्हणाले, "ठीक छे भोईर, बस ये एक. नाम भी डाल देंगे." दाराशी आल्यावर भोईर सरांनी आमच्याकडे असं पाहिलं की सगळ्यांनी घाईघाईने आपापली पेनं उचलली.

तो कोल्हा त्यांनी लहानपणी पाहिलेला होता. वडिलांबरोबर मिठागरावर जायचे तेव्हा संध्याकाळी बांधावर यायचा, पाण्यातून आलेला, पाय गुडघ्यापर्यंत भिजून काळे झालेले, पाठ मात्र कोरडी आणि तिच्यावर मावळतीचा उजेड. ह्याचा फोटो कुठून मिळणार? त्यांनी फोटो घेतलाच नाही. आठवणीने काढायला बसले. सगळं अंग त्यांनी जवळजवळ रिकामं ठेवलं. मागच्या तपकिरी चिखलात पाठ विरघळत गेली होती, कुठे चिखल संपतो आणि कुठे कोल्हा सुरू होतो ते कळत नव्हतं. सुटे केस फक्त मानेवर, जिथे वाऱ्याने ते उलटे झाले होते, आणि ओल्या पायांवर चिकटून आलेल्या टोकांना. चिखलात उभं राहून एक जनावर तुमच्याकडे बघतंय आणि तुम्ही हललात तर ते जाईल, असं वाटायचं. मी चित्रापुढे उगाचच हळू बोलायला लागले होते.

एकदा त्यांनी ते टॅबलेटवर घेतलं आणि मला म्हणाले, घरी येता का, आईला दाखवायचंय. हे आमंत्रण होतं की काम सांगणं होतं ते मला अजून कळलेलं नाही. गेले. मुर्ध्याचं त्यांचं घर दोन नव्या इमारतींच्या मधल्या बोळात होतं. म्हातारी ओट्यावर बसली होती, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. सरांनी टॅबलेट तिच्या मांडीवर ठेवला. तिने तो लांब धरला, जवळ धरला, परत लांब धरला.

"ह्यो तं आपले बांदावरचा हाय," ती म्हणाली. "अजून हाय का रं त्यो?"

"न्हाय गं आये," भोईर सर म्हणाले.

बांधही उरलेला नव्हता. परत येताना रिक्षात ते मांडीवरचा टॅबलेट बाहीने पुसत बसले होते. मला वाटलं गहिवरले असतील. मग म्हणाले, "जन्मात एक गिऱ्हाईक मिळालं, ते पण मोतीबिंदू झालेलं." आणि स्वतःच हसले. मला हसू आलं नाही.

केतनभाईंनी कोल्हा बघितला आणि आपली दोन बोटं फाकली. मग जे व्हायचं तेच झालं. पाठ कुठाय, केस कुठायत, फलक एवढा मोठा, लोक जवळून बघणार, मला फोन येणार. भोईर सरांनी दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली. केतनभाई म्हणाले, बघू, सोमवारी बोलू. हे 'बघू' म्हणजे काय हे न कळण्याइतके भोईर सर भोळे नव्हते. सोमवारपर्यंत जयेश वर काच ठेवून केस भरणार, हे त्यांना दिसत होतं. म्हणून शनिवारी घरी जाण्याआधी त्यांनी एक गोष्ट केली. सगळे लेयर, केसांसाठीचा कोरासुद्धा, एकात एक मिसळून टाकले, फाइल लॉक केली, सेव्ह केली आणि जयेशकडे बघून म्हणाले, "आता भरा कुठे भरता ते."

हात दाखवून अवलक्षण. मी तेव्हाच विचारलं होतं की सर, एक कॉपी ठेवलीत का. त्यांनी माझ्याकडे तुच्छतेने पाहिलं. चित्राची कॉपी नसते, कारकुनाच्या कागदाची असते, असं काहीतरी म्हणाले. टॅबलेट स्टुडिओचाच होता, त्यावर आईला दाखवलेलं चित्र त्यांनी त्याच आठवड्यात पुसलं होतं, कारण ते लहान होतं आणि त्यातले रंग त्यांना पसंत नव्हते.

लॉक उघडायला जयेशला एक बटण दाबावं लागलं. केसांसाठीचा लेयर नव्हता आणि वर नवा घ्यायचं त्याच्या डोक्यात आलं नाही, का घाईत राहून गेलं, कोण जाणे. त्याने सरळ कोल्ह्यावरच केस मारले. अंगभर, पाठीवर, पोटावर, चिखलाच्या कडेपर्यंत. आणि सेव्ह करून फाइल बंद केली.

सोमवारी सकाळी मी पोचले तेव्हा भोईर सर फाइल उघडून बसले होते. बंद करायला वरचा लेयर शोधत होते. चित्र एकाच थराचं होतं, तसं त्यांनीच केलं होतं. जयेश आला, त्याने स्क्रीन बघितला आणि त्याचं तोंड उतरलं. "सर, लेयरच नव्हता," तो म्हणाला, "म्हणून वरूनच मारलं." भोईर सरांनी चित्र लहान करत नेलं, नखाएवढं केलं आणि त्याच्याकडे बघत बसले. त्या दिवशी ते कुणाला काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. शिव्या देणारा माणूस गप्प झाला की खोलीत श्वास घेववत नाही.

त्यांनी काम सोडलं. मी मधे फोन केला, म्हटलं परत काढा, तुमच्या डोक्यात तर आहे. काढून बघितला म्हणाले. "कुत्रा येतो." बस्, एवढंच. दुसरी गोष्ट त्यांनी मला सांगितली ती नावाची. केतनभाईंना त्यांनी स्वतः फोन केला होता की फलकावरून माझं नाव काढा. केतनभाई त्यांच्या परीने बरोबरच म्हणाले, की तुम्हीच हट्ट धरला होता, आता छापून आलं, बाकी कुणाचं टाकलं नाही, तुमचं टाकलं. उलट त्यांना वाटत होतं की आपण शब्द पाळला.

बाग सुरू झाल्यावर मी सकाळी तिकडे चालायला जायला लागले. कोल्ह्यापुढे कायम गर्दी. मुलांना जवळ धरून आईबाप दाखवायचे, बघ, एकेक केस दिसतोय, किती मेहनत असेल. एका सकाळी गर्दी नव्हती. फलकासमोर लांब बाह्यांचा शर्ट घातलेला उंच माणूस खाली वाकून उभा होता. भोईर सर घराच्या किल्लीने आपलं नाव खरवडत होते. वरचा प्लास्टिकचा थर कडक होता, पहिल्या अक्षरावर नुसत्या पांढऱ्या रेघा उठल्या होत्या.

मी पोचायच्या आत वॉचमन पोचला. त्याने त्यांचा दंड धरला. "ओ काका, क्या कर रहे हो? सरकारी चीज है."

"मेरा नाम है," भोईर सर म्हणाले.

वॉचमनचा विश्वास बसेना. असं तर कुणीही म्हणेल, तो म्हणाला. तेव्हा सरांनी मला पाहिलं. इतक्या वर्षांत माझ्याकडे त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. "लिमये," ते म्हणाले, "सांगा ह्याला. माझंच नाव आहे ना?"

मी सांगितलं. हे भोईर, हेच आर्टिस्ट, हे चित्र ह्यांचं आहे. मला वाटलं आता तो हात सोडेल आणि त्यांना जाऊ देईल.

त्याने हात सोडला. एक पाऊल मागे सरून त्यांना नमस्कार केला. "आपने बनाया साहब? एक एक बाल बनाया है. मैं रोज देखता हूँ." मग त्याने खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला आणि स्वतः भोईर सरांच्या शेजारी, फलकाला पाठ लावून ताठ उभा राहिला. सर हलले नाहीत. किल्ली मुठीत होती. मी त्यांच्याकडे बघितलं, ते माझ्या डोक्यावरून पलीकडे, जिथे पूर्वी मिठागरं होती तिकडे बघत होते. मी फोटो काढला.

वॉचमनने फोन घेतला, बोटं फाकवून आधी स्वतःचा चेहरा मोठा करून बघितला, मग कोल्ह्याचे केस, आणि खूश झाला. साहेबांना दाखवायला वळला, तोवर भोईर सर फाटकाबाहेर पडले होते.